डोक्यापासून वीतभर

ताईनं एके दिवशी फर्मान काढलं, की दर मंगळवारी आणि शुक्रवारी संध्याकाळी ती बाबांपाशी बसणार आणि मी घराबाहेर जायचं.

"कुठं?" मी विचारलं.

"कुठंही जा. तुझं तोंड बघवत नाही."

ताई माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी आहे, त्यामुळे तिच्या बोलण्यात विनंती हा प्रकार नसतो. पहिल्या मंगळवारी मी बागेतल्या बाकावर बसलो आणि बसल्या जागी झोपलो. राखणदारानं हलवून उठवलं. पिऊन पडलोय असं त्याला वाटलं, आणि माझा अवतार बघता त्याचं फारसं चुकलं नव्हतं. शुक्रवारी मी बसमध्ये बसून शेवटच्या थांब्यापर्यंत गेलो आणि त्याच बसनं परत आलो. माणसाला मोकळा वेळ मिळाला की तो मजा करतो असं म्हणणाऱ्यांनी तीन वर्षं कुणाचं तरी करून बघावं. मला मजा नको होती, मला आडवं पडायचं होतं. पण आडवं पडायला घर लागतं आणि घरातून तर मला हाकललं होतं.

मी चष्म्याच्या दुकानात काम करतो. पुढं काचेच्या कपाटांपाशी मालक हसत उभा असतो आणि मागच्या खोलीत मी यंत्रावर काचा घासत उभा असतो. गिऱ्हाइकांशी माझा संबंध येतो तो चष्मा नाकावरून घसरायला लागला की. तशाच एक बाई आल्या. साठी उलटलेली, केस बारीक कापलेले, आणि चष्मा इतका जाड की काच घासताना मलाच घाम फुटला होता.

"याच्या काड्या कानापाशी सरळ करून द्या. मुखवट्याच्या आत बसत नाही," त्या म्हणाल्या.

मी विचारलं, कसला मुखवटा. त्यांनी पिशवीतून कागद काढला आणि मालकाला न विचारता काउंटरच्या काचेवर चिकटवला. केंडो, जपानी तलवारबाजी. नवशिक्यांनी यावं. वयाची अट नाही. मंगळवार आणि शुक्रवार, संध्याकाळी सात. त्या निवृत्त दंतवैद्य होत्या आणि शाळेच्या व्यायामशाळेत बांबूच्या तलवारी शिकवत होत्या. आयुष्यभर लोकांना 'आ करा' म्हटलेल्या माणसाला 'नाही' ऐकायची सवय नसते.

"दिवसभर उभे असता ना? मग पाय तयार आहेत. या मंगळवारी," त्या म्हणाल्या.

मंगळवारी मी गेलो, कारण बागेतल्या राखणदाराला तोंड दाखवायचं नव्हतं.

तिथं आम्ही पाचजण. बाई, अग्निशमन दलातला एक उंचापुरा गडी, कॉलेजात शिकवणारं एक नवराबायकोचं जोडपं आणि मी. आधी सगळ्यांनी फडकी घेऊन लाकडी जमीन पुसायची. मला वाटलं, घरी काय कमी पुसतो. मग गुडघ्यांवर बसून, डोळे मिटून, एक शब्द न बोलता थांबायचं. तेवढं मला फार आवडलं. त्यानंतर उभं राहून पाय सरकवायचे. उजवा पुढं, डावा मागं, डाव्याची टाच कागद जाईल एवढी उचललेली, आणि पाऊल उचलायचं नाही, घासत न्यायचं. महिनाभर मी दुसरं काही केलं नाही. एकोणपन्नासाव्या वर्षी मी चालायला शिकत होतो, आणि घरी ब्याऐंशीव्या वर्षी बाबा तेच करत होते. त्यांचा उजवा पाय घासत येतो, कारण त्यांना दुसरा इलाज नाही.

अग्निशामक मला 'काका' म्हणायचा. तो पस्तिशीचा. पहिल्या दिवशी माझ्या अंगाचा तिळपापड झाला, मग सवय झाली. "काका, उजव्या हातानं ओढू नका. डावा हात काम करतो, उजवा नुसता सोबत असतो," असं तो दर वेळी सांगायचा. मी हो म्हणायचो आणि उजव्यानंच ओढायचो.

बाबांबद्दल सांगायला हवं. ते चाळीस वर्षं लोकांना गाडी चालवायला शिकवत होते. शिकाऊ माणसाशेजारी बसायचे, पायाखाली दुसरा ब्रेक, आणि समोरून ट्रक आला तरी आवाज चढवायचे नाहीत. "आता हळूच डावीकडं घ्या," एवढंच. मला त्यांनी उभ्या आयुष्यात एक चापट मारली नाही. ताईलाही नाही. मग तीन वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. पाच-सहा शब्द उरले. हो, नको, पाणी, असलेच. आणि एक शिवी, जी आम्ही त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकली नव्हती आणि जी इतर सगळ्या शब्दांपेक्षा स्वच्छ येते. पहिल्यांदा ऐकली तेव्हा ताई आणि मी हसून हसून बेजार झालो होतो. ते सुरुवातीचे दिवस होते, तेव्हा आम्ही हसायचो.

दवाखान्यातून सोडताना डॉक्टरांनी शुश्रूषागृहाचं नाव सुचवलं होतं. दर आठ तासांनी माणसं बदलतात, ताज्या दमाचं कुणीतरी कायम असतं, असं ते म्हणाले. मी छाती काढून म्हणालो, "आमचे बाबा आम्ही बघू." लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, मला कशाची अडचण आहे, असंही म्हणालो. ताईचं घर गावाच्या दुसऱ्या टोकाला, नवऱ्याची फिरतीची नोकरी. ती काय बोलणार. दुकानाच्या वेळेपुरता एक पगारी माणूस ठेवला, बाकी सगळं माझ्यावर.

आणि मग ती संध्याकाळ. ताईनं फर्मान काढलं त्याच्या दोनच आठवडे आधीची. त्या दिवशी दुकानात बत्तीस काचा घासल्या होत्या, त्यातल्या दोन चुकल्या म्हणून परत घासाव्या लागल्या होत्या. बाबा गोळी घेत नव्हते. पहिल्यांदा थुंकली, मी उचलली. दुसऱ्यांदा थुंकली, मी नवी काढली. तिसऱ्यांदा त्यांनी ती माझ्या शर्टावर थुंकली, आणि माझा हात वर गेला.

मी उचलला असं म्हणायला हवं. गेला, गेला असं मी बरेच दिवस म्हणत होतो. उघडा पंजा, त्यांच्या डोक्यापासून वीतभर वर. बाबांनी डोळे घट्ट मिटले आणि मान आत ओढून घेतली. डावा खांदा कानापर्यंत वर आणला. उजवा त्यांना आणता येत नाही.

हात लागला नाही. मी तो खाली घेतला, गोळी पाण्यात विरघळवली, त्यांना पाजली, पांघरूण घातलं. तोंड धुतलं. रोज स्वतःला हेच सांगत राहिलो, की लागला तर नाही ना. पण ज्यानं आपल्याला कधी मारलं नाही, त्या माणसानं आपल्याला बघून खांदा वर घेतला, हे डोळ्यांपुढून जात नव्हतं. मला स्वतःची भीती वाटत होती. एक दिवस मी त्यांना मारीन असं मला वाटत होतं, आणि तो दिवस मंगळवार-शुक्रवार सोडून कुठलाही असू शकत होता. हे मी ताईला सांगितलं नाही. कुठल्या तोंडानं सांगणार? डॉक्टरांसमोर छाती मीच काढली होती.

तिसऱ्या महिन्यात बाईंनी मला मारायला उभं केलं.

केंडोत नवशिक्याला चिलखत नसतं. चिलखत शिकवणाऱ्यानं घालायचं. बाईंनी छातीला, कमरेला आणि हातांना बांधलं, डोक्यावर जाळीचा मुखवटा चढवला, माझ्या हातून सरळ झालेल्या काड्यांचा चष्मा आत सरकवला आणि माझ्यासमोर आपली तलवार बाजूला घेतली. म्हणजे डोकं मोकळं सोडलं. ही तिथली रीत. समोरचा आपणहून जागा उघडून देतो, आपण ओरडत जायचं, डोक्यावर नीट, पूर्ण मारायचं, तसंच पुढं निघून जायचं आणि वळून वाकून आभार मानायचे.

मी गेलो. तलवार उचलली, खाली आणली आणि ती बाईंच्या डोक्यापासून वीतभर वर थांबली.

"पुन्हा," बाई म्हणाल्या.

पुन्हा थांबली. तिसऱ्यांदा थांबली. पाचव्यांदा अग्निशामक म्हणाला, "काका, अहो बाई आहेत म्हणून का? माझ्यावर या." त्याच्यावरही थांबली. जोडप्यातली बायको कौतुकानं म्हणाली, "किती मऊ स्वभाव आहे हो तुमचा." मी खाली बघितलं. असं दोन आठवडे चाललं. बाकीच्यांना वाटायचं मी भित्रा आहे किंवा फार सज्जन आहे, आणि मी दोन्ही चालवून घेत होतो. घरी आलो की दंड भरून आलेले असायचे. मारण्यापेक्षा थांबवायला जास्त ताकद लागते, हे मला तिथं कळलं, आणि ती ताकद माझ्याकडे रोज थोडी कमी होत होती.

त्या मंगळवारी बाई वैतागल्या. मुखवट्याच्या जाळीतून त्यांचा आवाज आला, "हे बघा, मी चाळीस वर्षं लोकांची दुखणी बघितली आहेत. दुखलं तर मी सांगेन. तुम्ही माझं ठरवू नका. मी डोकं उघडून उभी आहे आणि तुम्ही हवेत मारताय, हा माझा अपमान आहे. या आता."

मी थकलो होतो. सकाळी बाबांची चादर दोनदा बदलली होती, दुपारी दुकानात जेवलो नव्हतो. थांबवायला लागणारं बळच उरलं नव्हतं. मी ओरडलो, काय ओरडलो आठवत नाही, आणि तलवार बाईंच्या डोक्यावर पडली. तडाखा सबंध व्यायामशाळेत वाजला. मी पुढं निघून गेलो, वळलो, वाकलो. बाईंनी मान हलवली. "हं. असं. पुन्हा."

मी पुन्हा मारलं. दहा वेळा मारलं असेल. अग्निशामकानं टाळी वाजवायला हात उचलले आणि बाईंच्या नजरेनं खाली घेतले, कारण तिथं टाळ्या चालत नाहीत. मला बरं वाटत होतं. तीन वर्षांत वाटलं नव्हतं इतकं बरं वाटत होतं. हात हलके झाले होते, छाती मोकळी झाली होती, आणि मला अजून मारायचं होतं.

बाईंनी थोडा दम घ्यायला सांगितलं. अग्निशामक माझ्यापासून चार-पाच हातांवर गुडघ्यांवर बसला आणि मुखवटा काढून आतलं फडकं नीट बांधायला लागला. मी अजून त्याच तंद्रीत. तो बसला होता त्या दिशेला तोंड करून मी तलवार डोक्यावर घेतली आणि हवेत एक वार करून बघितला.

"थांबा."

बाई मोठ्यानं बोलल्या नव्हत्या, पण सगळे थांबले. त्यांनी स्वतःचा मुखवटा काढला, घाम पुसला, माझ्यापाशी आल्या आणि माझ्या हातातली तलवार काढून घेतली.

"ज्यानं डोक्यावर काही घातलेलं नाही, त्याच्यावर उचलायचीसुद्धा नाही."

"बाई, काका लांब होते हो. लागली नसती," अग्निशामक म्हणाला. त्याला माझी कीव आली असावी.

"लागण्याचं मी बोलतच नाहीये. लागो न लागो. उचलायची नाही."

त्या रागावल्या नव्हत्या. पहिल्या दिवशी टाच उचला म्हणाल्या होत्या त्याच सुरात म्हणाल्या, आणि तलवार परत द्यायला हात पुढं केला. मी ती घेतली नाही. मी तिथंच जमिनीवर बसलो. अग्निशामकानं पाणी आणलं. त्याला वाटलं चक्कर आली. मी म्हणालो, हो, चक्कर आली. मग कपडे बदलले आणि व्यायामशाळेच्या पायऱ्या उतरलो. घर वीस मिनिटांवर आहे. वाटेत काय बोलायचं ते मी पाठ करत होतो आणि दर चौकात पहिलं वाक्य बदलत होतो.

ताई स्वयंपाकघरात कप विसळत होती. सव्वाआठ झाले होते.

"लवकर आलास?"

मी बूट न काढता दारात उभा राहिलो. पाठ केलेलं सगळं विसरलो होतो. "ताई, मी बाबांवर हात उचलला होता. गोळीवरून. तू यायला लागलीस त्याच्या आधी. लागला नाही, पण उचलला. आणि मी परत उचलीन. मला आता होत नाही."

तिनं नळ बंद केला. कप उपडा ठेवला. फडक्याला हात पुसत राहिली. मला वाटलं आता ती फाडकन काहीतरी बोलणार. मी त्याची वाटच बघत होतो. लहानपणापासून चुका झाल्या की ताईनं बोलावं आणि सुटका व्हावी, अशी माझी सवय आहे.

"माझा लागला," ती म्हणाली.

मला कळलं नाही.

"शुक्रवारी. मी भरवत होते. तोंडातलं सगळं माझ्या अंगावर टाकलं आणि ती शिवी दिली. एरवी दहादा ऐकली असेल रे मी. पण शुक्रवारी..." तिनं फडक्याची घडी घातली, मोडली, परत घातली.

"जोरात?"

"आवाज आला."

शनिवारी दाढी करताना बाबांच्या कानापाशी लाल दिसलं होतं. मला उशीची शिवण उमटली असं वाटलं होतं, आणि मी तिथं क्रीमही लावलं होतं. मला ताईचा राग यायला हवा होता. तो आला नाही. आधी हायसं वाटलं, की मी एकटा नाही. मग त्या हायसं वाटण्याची शिसारी आली. मी खुर्चीवर बसलो. ताई समोर बसली. पंचावन्न वर्षांची माझी बहीण, जिला मी जगात कुणाला घाबरताना बघितलं नाही, ती माझ्याकडे चोरासारखी बघत होती.

"तरी आज आलीस?" मी विचारलं.

"नाही आले तर तू विचारशील, का नाही आलीस. काय सांगू? आणि आज दारातून आत गेले तर त्यांनी मला बघून तोंड भिंतीकडे केलं. दीड तास झाला, अजून तसेच आहेत. मी भरवलं नाही. हिंमतच झाली नाही."

आम्ही रडलो नाही. रडायला लागतो तेवढा जोर कुणातच नव्हता. मग ताईनंच तिच्या पर्समधून एक कागद काढला. शुश्रूषागृहाचा फोन नंबर. घड्या पडून पडून तो मधोमध फाटत आला होता, म्हणजे तीही किती दिवस तो बाळगून होती कोण जाणे. मी विचारलं नाही. फोन मीच लावला, कारण नको म्हणणारा मीच होतो. पलीकडच्या बाईनं वय विचारलं, कुठली बाजू गेली ते विचारलं, गिळता येतं का ते विचारलं. आणि मग, "घरी करणारं कोण आहे?"

"आम्ही दोघं आहोत. पण आम्ही थकलोय," मी म्हणालो. त्या बाईला ते रोजचंच असावं. तिनं सांगितलं, सोमवारी एक खाट रिकामी होतेय.

आम्ही आत गेलो. बाबा भिंतीकडे तोंड करून जागे होते. मी पलंगाशेजारी जमिनीवर गुडघ्यांवर बसलो, म्हणजे त्यांना मान वर करून माझ्याकडे बघायला लागू नये. ताई दारापाशी थांबली. मी म्हणालो, "बाबा, डॉक्टर म्हणाले होते ना, त्या ठिकाणी जागा होतेय. तिथं माणसं बदलत राहतात. आम्ही रोज येऊ. आम्हाला दोघांना आता घरी जमत नाही, बाबा. आमच्याकडून..."

ते 'नको' म्हणणार हे मी धरून चाललो होतो. त्यांचं घर, त्यांची खोली, त्यांची खिडकी. त्या 'नको'ला काय उत्तर द्यायचं तेही मी फोनवर बोलतानाच ठरवून ठेवलं होतं.

बाबांनी हळूहळू तोंड माझ्याकडे वळवलं. ताईकडे बघितलं, परत माझ्याकडे. ओठ जुळवायला त्यांना वेळ लागतो. आम्ही थांबलो.

"कधी?" ते म्हणाले.

हा शब्द तीन वर्षांत त्यांना जमला नव्हता.

"सोमवारी," मी म्हणालो.

त्यांनी पांघरुणातून डावा हात बाहेर काढला आणि बोटं दुमडून मधले दिवस मोजायला लागले. बुधवारचा अंगठा दुमडला. मग गुरुवारचं बोट. शुक्रवारच्या बोटाशी ते थांबले आणि दारातल्या ताईकडे बघत राहिले.

"शुक्रवारी मी घरीच आहे, बाबा," मी म्हणालो.

मग त्यांनी ते बोट दुमडलं.